फॉइलची विजेती आणि तिचे गाव

ऑलिम्पिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले की विजेत्याच्या देशाचा ध्वज उंचावतो आणि पदकतालिकेत देशाचे नाव नोंदले जाते. तो खेळाडू कोणत्या गावचा, कोणत्या व्यायामशाळेत घडला, त्याला पहिले धडे कोणी दिले, याची नोंद तालिकेत नसते. क्रीडाविकासाचा विचार करणाऱ्यांना मात्र हीच माहिती अधिक उपयोगी पडते. तलवारबाजीतील महिलांच्या फॉइल प्रकाराचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. १९९२ ते २०१२ या काळात सहा ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. त्यांत फॉइलच्या वैयक्तिक प्रकारात महिलांना मिळालेल्या सहा सुवर्णपदकांपैकी पाच पदके इटलीतील येझी या एकाच गावच्या तीन स्त्रियांनी जिंकली. या गावाची लोकसंख्या सुमारे ४०,००० आहे.

आपल्याकडील तालुक्याच्या ठिकाणाएवढ्या या गावाने जे साधले, ते मोठमोठ्या देशांना साधले नाही. ते कसे घडले, हे पाहणे भारतासारख्या देशाला आवश्यक आहे. म्हैसूर शहरातील चामराजपुरमचे उदाहरण घ्यावे. म्हैसूरहून चामराजनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर याच नावाचे छोटे स्थानक असलेली ही जुनी निवासी वस्ती आहे. अशा वस्त्या देशातील प्रत्येक मध्यम आकाराच्या शहरात आहेत. तेथील दहा वर्षांच्या मुलीला फॉइल हाती घ्यावेसे वाटले, तर तिच्या वाटेवर कोणकोणते टप्पे येतील? या प्रश्नाचे उत्तर शोधताना येझीच्या व्हॅलेंटिना वेझाली यांची कारकीर्द मार्गदर्शक ठरते.

फॉइल म्हणजे काय?

आधुनिक तलवारबाजीत फॉइल, इपी आणि सेबर अशी तीन शस्त्रे वापरली जातात. इपीमध्ये संपूर्ण शरीर हे लक्ष्य असते. सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग लक्ष्य असतो आणि टोकाप्रमाणेच धारेने केलेला वारही ग्राह्य धरला जातो. फॉइलमध्ये केवळ टोकाने केलेला स्पर्श मोजला जातो आणि तोही धडावरच व्हावा लागतो. हात, पाय किंवा डोक्यावर टोक लागले तर गुण मिळत नाही. केवळ मुखवट्याच्या खालच्या बाजूस गळ्यावर येणारा पट्टा २००९ पासून लक्ष्यात समाविष्ट करण्यात आला आहे.

फॉइलची एकूण लांबी जास्तीत जास्त ११० सेंटीमीटर, तर वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी असते. टोकावर स्प्रिंग असलेले लहानसे बटण बसवलेले असते. ५०० ग्रॅम वजनाचा भार सहन करून ते परत वर उचलले गेले पाहिजे, अशी या स्प्रिंगची चाचणी घेतात. खेळाडूच्या अंगावर धातूच्या तंतूंनी विणलेले जाकीट असते. बटण दाबले गेले की विद्युतमंडल खंडित होते. टोक जाकिटावर असेल तर लाल किंवा हिरवा दिवा लागतो, अन्यत्र असेल तर पांढरा. लढतीसाठी १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद पट्टी आखलेली असते. तिला पिस्ट म्हणतात. प्राथमिक गटातील लढत पाच गुणांची असते. बाद फेरीतील लढत १५ गुणांची असून तिच्यात प्रत्येकी तीन मिनिटांची तीन सत्रे असतात.

फॉइलचे खरे वैशिष्ट्य अग्रहक्काच्या नियमात आहे. दोन्ही खेळाडूंचे टोक एकाच वेळी लागले आणि दोन्ही रंगीत दिवे पेटले, तर गुण दोघांना मिळत नाही. हल्ला प्रथम कोणी सुरू केला, हे पंच ठरवतात आणि गुण त्यालाच देतात. ज्याच्यावर हल्ला झाला आहे, त्याने आधी आपल्या पात्याने प्रतिस्पर्ध्याचे पाते बाजूस सारले पाहिजे. तसे केल्यानंतरच प्रतिहल्ल्याचा हक्क त्याच्याकडे येतो. समोरून येणाऱ्या टोकाकडे दुर्लक्ष करून आपलेही टोक पुढे रेटणे या खेळात निष्फळ ठरते. हा नियम सरावाच्या शस्त्रातून आला आहे. खऱ्या तलवारीसमोर जो आधी स्वतःचा बचाव करीत नाही तो जिवंत राहत नाही, ही जाणीव शिष्यांच्या अंगी बाणवण्यासाठी युरोपातील वस्तादांनी तो घालून दिला. संवादात समोरच्याचे म्हणणे ऐकून मग उत्तर द्यावे, तसा हा खेळ चालतो. त्यामुळे ताकद आणि उंची यांच्या जोडीला वेळेचे भान, अंतराचा अंदाज आणि प्रतिस्पर्ध्याचा हेतू ओळखण्याची बुद्धी यांना फॉइलमध्ये मोठे महत्त्व आहे. हे गुण लहान वयात, रोजच्या सरावातून आणि चांगल्या गुरूच्या हाताखालीच येतात.

महिलांच्या फॉइलची वाटचाल

ऑलिम्पिकमध्ये महिलांची तलवारबाजी प्रथम १९२४ च्या पॅरिस स्पर्धेत झाली आणि ती केवळ फॉइलपुरती होती. डेन्मार्कच्या एलेन ओसियर या पहिल्या विजेत्या ठरल्या. सांघिक फॉइलचा समावेश १९६० मध्ये झाला. इपी महिलांसाठी १९९६ मध्ये आणि सेबर २००४ मध्ये खुले झाले. म्हणजे सुमारे सात दशके तलवारबाजी करणाऱ्या स्त्रीपुढे ऑलिम्पिकसाठी फॉइल हा एकच मार्ग होता. हंगेरीच्या इलोना एलेक यांनी १९३६ आणि १९४८ अशी दोन सुवर्णपदके जिंकली. मधल्या दोन स्पर्धा महायुद्धामुळे झाल्याच नाहीत. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे चीनच्या लुआन जुज्ये यांनी सुवर्णपदक मिळवले. तलवारबाजीत आशिया खंडाला मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण होय. हा खेळ युरोपीय लोकांचाच आहे, ही समजूत त्या विजयाने मोडीत काढली.

येझीची तालीम

येझी हे इटलीच्या मार्के प्रांतातील, आंकोना शहराजवळचे गाव. सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि संगीतकार पेर्गोलेसी यांचे जन्मस्थान म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. तलवारबाजीची कोणतीही जुनी राजघराण्याची परंपरा मात्र या गावाला नव्हती. ती निर्माण केली एझिओ त्रिकोली यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रजांच्या हाती सापडले आणि दक्षिण आफ्रिकेतील युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांना ठेवण्यात आले. तेथेच ते एका इंग्रज सैनिकाकडून तलवारबाजी शिकले. युद्ध संपल्यावर गावी परतल्यानंतर १९४७ मध्ये त्यांनी येझीत तलवारबाजीचा क्लब सुरू केला आणि मुलांना शिकवण्यास प्रारंभ केला.

या कार्याची फळे येण्यास चार दशके लागली, हे लक्षात घेतले पाहिजे. येझीचे स्तेफानो चेरिओनी यांनी १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या फॉइलचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांनी बार्सिलोना येथे जोव्हाना त्रिलिनी यांनी महिलांचे सुवर्ण मिळवले. त्यानंतर २०००, २००४ आणि २००८ मध्ये व्हॅलेंटिना वेझाली व २०१२ मध्ये एलिसा दि फ्रान्चिस्का विजयी झाल्या. १९९६ चे सुवर्ण तेवढे रुमानियाच्या लौरा बादेआ यांच्याकडे गेले आणि त्या अंतिम लढतीतही त्यांच्यासमोर वेझालीच होत्या.

येझीत घडलेले खेळाडू पुढे प्रशिक्षक झाले, ही बाब तितकीच महत्त्वाची आहे. चेरिओनी यांनी प्रथम इटलीच्या आणि २०१२ नंतर रशियाच्या फॉइल संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये महिलांचे सुवर्णपदक रशियाच्या इन्ना देरिग्लाझोवा यांनी जिंकले, तेव्हा त्या संघामागेही येझीत शिकलेला गुरू होता. विद्येचा प्रवाह असा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वाहत राहिला की पदके हा त्याचा स्वाभाविक परिणाम ठरतो.

सहाव्या वर्षापासून ऑलिम्पिकपर्यंत

व्हॅलेंटिना वेझाली यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९७४ रोजी येझी येथे झाला. वयाच्या सहाव्या वर्षी त्या त्रिकोली यांच्याकडे शिकू लागल्या. घराजवळची व्यायामशाळा, रोज भेटणारा गुरू आणि आपल्याहून चार वर्षांनी मोठी असलेली त्रिलिनी ही सरावातील सहकारी, अशा वातावरणात त्या वाढल्या. जगातील सर्वोत्तम प्रतिस्पर्धी शोधण्यासाठी त्यांना परदेशी जावे लागले नाही. ती त्याच सभागृहात, शेजारच्या पिस्टवर सराव करीत असे. दोघींमधील ही चुरस पुढे थेट ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचली. २००४ मध्ये अथेन्स येथे वेझाली यांनी त्रिलिनी यांना १५-११ असे पराभूत करून सुवर्ण मिळवले. सुवर्ण आणि रौप्य ही दोन्ही पदके एकाच गावी गेली.

वेझाली यांची पहिली ऑलिम्पिक स्पर्धा १९९६ ची अटलांटा येथील. बावीस वर्षांच्या वेझाली अंतिम लढतीत १०-१५ अशा हरल्या. सांघिक प्रकारात मात्र इटलीने सुवर्ण जिंकले. चार वर्षांनी सिडनी येथे त्यांनी वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके पटकावली. २००८ मध्ये बीजिंग येथे त्यांची गाठ दक्षिण कोरियाच्या नाम ह्युन-ही यांच्याशी पडली. दोघींनीही अत्यंत सावध खेळ केल्याने १५ गुणांची लढत वेळ संपेपर्यंत चालली. अखेरच्या क्षणी मिळवलेल्या स्पर्शामुळे वेझाली ६-५ अशा विजयी झाल्या. फॉइलमध्ये सलग तीन वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदके त्यांच्यापूर्वी कोणाही पुरुषाने किंवा स्त्रीने जिंकली नव्हती.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्या इटलीच्या ध्वजवाहक होत्या. तेव्हा त्यांचे वय ३८ होते. या वेळी वैयक्तिक सुवर्ण दि फ्रान्चिस्का यांना मिळाले. कांस्यपदकाच्या लढतीत पुन्हा नाम ह्युन-ही समोर होत्या. अखेरच्या काही सेकंदांत चार गुणांची पिछाडी भरून काढून वेझाली यांनी जादा वेळेत १३-१२ असा विजय मिळवला. त्यानंतर सांघिक सुवर्णही इटलीने जिंकले. अशा रीतीने पाच ऑलिम्पिक स्पर्धांत सहा सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य, अशी नऊ पदके त्यांच्या नावावर जमा झाली. १९९९, २००१, २००३, २००५, २००७ आणि २०११ या वर्षी त्या जागतिक अजिंक्यपदाच्या वैयक्तिक विजेत्या होत्या.

महिलांची सांघिक फॉइल स्पर्धा २००४ आणि २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये नव्हती. तलवारबाजीला मिळणाऱ्या एकूण पदकांची संख्या मर्यादित असल्याने सांघिक प्रकार आळीपाळीने वगळले जात. ही पद्धत २०२० च्या टोकिओ ऑलिम्पिकपासून थांबली आणि स्त्री-पुरुषांना सर्व शस्त्रांत वैयक्तिक व सांघिक अशी समान संधी मिळाली. वेझाली २०१६ मध्ये स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्या.

नियम बदलले तेव्हा

दोन दशके शिखरावर टिकणे केवळ उपजत गुणांवर शक्य नसते. १९९० च्या दशकात फॉइलमध्ये पाते चाबकासारखे वाकवून प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर किंवा खांद्यावर टोक टेकवण्याचे तंत्र फार प्रचलित झाले होते. हे तंत्र मूळ खेळाच्या स्वरूपाला बाधक आहे, असे मानून आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ पासून विद्युतयंत्रातील वेळेची परिमाणे बदलली. गुण नोंदला जाण्यासाठी टोक अधिक काळ दाबलेले राहणे आवश्यक झाले. पहिल्या स्पर्शानंतर दुसरा स्पर्श नोंदण्याची मुदतही बरीच कमी करण्यात आली. त्यामुळे ओझरता स्पर्श निरुपयोगी ठरला आणि सरळ, स्पष्ट हल्ल्याचे मोल वाढले. अनेक नामवंत खेळाडूंना आपला खेळ मुळापासून बदलावा लागला. वेझाली यांनी नियम बदलण्यापूर्वी दोन आणि बदलल्यानंतर एक वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. पायाभूत शिक्षण पक्के असेल तर बदलाला सामोरे जाता येते, हे यावरून दिसते.

मातृत्व, नोकरी आणि खेळ

खेळाडू स्त्रीची कारकीर्द बहुधा दोन ठिकाणी खंडित होते. शिक्षण संपल्यावर उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो तेव्हा आणि मातृत्व येते तेव्हा. वेझाली यांच्या बाबतीत ही दोन्ही वळणे कशी पार पडली, हे पाहण्यासारखे आहे.

इटलीत पोलीस, सैन्य आणि अन्य सुरक्षादलांची स्वतःची क्रीडापथके आहेत. वेझाली या राज्य पोलिसांच्या ‘फियाम्मे ओरो’ या पथकात होत्या. नियमित वेतन, सरावासाठी वेळ आणि निवृत्तीनंतरही टिकणारी नोकरी, ही या व्यवस्थेची वैशिष्ट्ये होत. तलवारबाजीसारख्या खेळात प्रेक्षक कमी, जाहिरातदार कमी आणि बक्षिसाच्या रकमाही मर्यादित असतात. तेथे या व्यवस्थेशिवाय वीस वर्षांची कारकीर्द घडणे कठीण होते.

जून २००५ मध्ये वेझाली यांना पहिला मुलगा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाइपझिग येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्या वैयक्तिक विजेत्या ठरल्या. एवढ्या अल्पावधीत पुनरागमन करणे प्रत्येकीने करावे अशी अपेक्षा रास्त होणार नाही. परंतु बाळंतपणानंतर परत येण्यासाठी नोकरी, क्लब आणि संघातील जागा शिल्लक असेल तर स्त्री खेळाडू आपला निर्णय स्वतः घेऊ शकते, हे महत्त्वाचे आहे. पुढे २०१३ मध्ये त्या इटलीच्या संसदेत निवडून गेल्या आणि २०२१ ते २०२२ या काळात त्यांनी क्रीडा खात्याच्या उपमंत्रिपदाची जबाबदारी सांभाळली.

भारताची वाटचाल

भारतीय तलवारबाजी महासंघाची स्थापना १९७४ मध्ये झाली. पट्टा, दांडपट्टा, कळरीपयट्टु यांसारख्या शस्त्रविद्यांची परंपरा आपल्याकडे प्राचीन असली तरी ऑलिम्पिक पद्धतीची तलवारबाजी हा आपल्यासाठी नवा खेळ होता. या खेळाकडे देशाचे लक्ष वेधले ते चेन्नईच्या सी. ए. भवानी देवी यांनी. त्यांचे शस्त्र फॉइल नसून सेबर आहे. तथापि, भारतीय मुलीपुढे कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा दूर होतात, याचा आपल्याकडील सर्वांत स्पष्ट आलेख त्यांच्याच कारकीर्दीत सापडतो.

भवानी देवी यांनी २००४ मध्ये शाळेत असताना तलवारबाजी सुरू केली. विद्युत तलवारी महाग असल्याने सरावासाठी त्या बांबूच्या काठ्या वापरीत आणि तलवार स्पर्धेपुरती जपून ठेवीत. पुढे केरळमधील थलश्शेरी येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात प्रशिक्षक सागर लागू यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा खेळ बहरला. त्यानंतर त्यांनी इटलीतील लिव्होर्नो येथे निकोला झानोत्ती यांच्याकडे दीर्घकाळ प्रशिक्षण घेतले. २०१८ मध्ये कॅनबेरा येथे राष्ट्रकुल अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. जुलै २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिम्पिकमध्ये उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज ठरल्या. पहिली लढत त्यांनी १५-३ अशी जिंकली, तर दुसऱ्या लढतीत फ्रान्सच्या मानोन ब्रुने यांच्याकडून त्यांना ७-१५ असा पराभव स्वीकारावा लागला. २०२३ मध्ये वुशी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तत्कालीन जगज्जेत्या जपानच्या मिसाकी एमुरा यांना हरवून त्यांनी कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेतील भारताचे ते पहिलेच पदक होते.

येझी आणि चेन्नई येथील या दोन कारकीर्दी शेजारी ठेवल्या की फरक लक्षात येतो. वेझाली यांना गुरू, सराव आणि प्रतिस्पर्धी हे सर्व गावातच मिळाले. भवानी देवी यांना त्यासाठी प्रथम राज्य आणि नंतर देश सोडावा लागला. त्यांच्या जिद्दीला दाद द्यावी तेवढी थोडीच आहे. पण ज्या मुलीच्या घरची परिस्थिती किंवा पालकांची मनःस्थिती गाव सोडण्यास अनुकूल नसते, तिचे काय, हा प्रश्न उरतोच.

वस्तीतील सभागृहाचे अर्थकारण

चामराजपुरमसारख्या वस्तीत फॉइलचे केंद्र सुरू करायचे तर काय लागेल? जागेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. साधारण २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असे शाळेचे सभागृह असेल, तर तेथे तीन पिस्ट आखता येतात. कृत्रिम गवत, तरणतलाव किंवा गॅलरी यांची गरज नसते. पावसाळ्यातही सराव बंद पडत नाही. आरंभी लहान मुलांसाठी आखूड पात्याची साधी फॉइल, मुखवटे आणि जाकिटे पुरतात. विद्युत साहित्य टप्प्याटप्प्याने घेता येते.

खर्चाचा मोठा भाग संरक्षक साहित्यावर होतो आणि तेथे काटकसर करता येत नाही. १९८२ मध्ये रोम येथील जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचे फॉइलपटू व्लादिमीर स्मिरनोव्ह यांच्या मुखवट्यातून तुटलेले पाते आरपार गेले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पात्यांचे पोलाद, मुखवट्याची जाळी आणि कपड्यांची मजबुती यांचे मानक कठोर करण्यात आले. तेव्हापासून हा खेळ पुष्कळच सुरक्षित झाला आहे. परंतु ही सुरक्षितता प्रमाणित साहित्यावर अवलंबून आहे. हे साहित्य देशातच, परवडणाऱ्या दरात तयार होऊ लागले तर शाळाशाळांतून हा खेळ पोहोचणे सुकर होईल. साहित्याची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञही तितकाच आवश्यक आहे. घामाने धातूच्या जाकिटाची विद्युतवाहकता कमी होते, तारा तुटतात, टोकाची स्प्रिंग सैल पडते. स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याला हे काम थोड्या प्रशिक्षणाने शिकता येईल.

खरी उणीव प्रशिक्षकाची असते. खेळाडू स्पर्धेला जातात आणि परत येतात. प्रशिक्षक मात्र रोज संध्याकाळी त्याच सभागृहात उभा असावा लागतो आणि तोही वर्षानुवर्षे. फॉइलचे शिक्षण एकास एक असे, गुरूच्या पात्याला पाते भिडवून दिले जाते. शिबिरे किंवा चित्रफिती यांनी त्याची जागा भरून निघत नाही. त्रिकोली यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या कार्याचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण १९८८ मध्ये आले, म्हणजे ४१ वर्षांनी. प्रशिक्षकाची नेमणूक वर्षभराच्या कंत्राटावर होत असेल, तर अशा दीर्घ साधनेची अपेक्षा करता येणार नाही.

तालमीची परंपरा आणि मुली

येझीच्या क्लबचे स्वरूप आपल्याला अपरिचित वाटू नये. कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमी याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. वस्तीची जागा, वस्तीचा वस्ताद आणि वस्तीची मुले, असे त्यांचे स्वरूप असे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने त्या बहरल्या. म्हैसूरमध्येही वडियार राजांच्या काळापासून अशा तालमी चालत आल्या असून त्यांना तेथे ‘गरडी’ म्हणतात. दसरा महोत्सवात आजही कुस्त्यांचे फड रंगतात आणि विजयादशमीला राजवाड्याच्या प्रांगणात वज्रमुष्टीची लढत होते. म्हणजे वस्तीतून मल्ल घडवण्याची विद्या महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना ठाऊक आहे.

या परंपरेत एक मोठी उणीव होती. तालमीचे दार मुलींसाठी बंद असे. तलवारबाजीचे सभागृह ही मुलींसाठी खुली असलेली तालीम ठरू शकते. या खेळात सर्वांग झाकणारा पोशाख असतो, मुलगे आणि मुली एकत्र सराव करू शकतात आणि अंगबळापेक्षा चपळाईला वाव असतो. सराव घराजवळ आणि शाळेच्या आवारात होत असेल तर पालकांचा विरोधही पुष्कळ कमी होतो. संध्याकाळी मुलीला दूरच्या क्रीडासंकुलात पाठवण्याची चिंता हे अनेक घरांत खेळ सुटण्याचे कारण असते.

शासकीय पाठबळाच्या काही वाटा तयार आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजीचे प्रशिक्षण दिले जाते आणि महाराष्ट्राच्या अनेक खेळाडूंनी तेथून राष्ट्रीय स्तर गाठला आहे. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूंसाठी दरमहा १०,००० रुपयांच्या भत्त्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला. रेल्वे, सेनादले आणि पोलीस यांच्या क्रीडा विभागांनी अनेक खेळांत खेळाडूंचा संसार सावरला आहे. तथापि, या बहुतेक योजना खेळाडू राज्य वा राष्ट्रीय स्तरावर चमकल्यानंतर लागू होतात. त्यापूर्वीची सहा ते चौदा वर्षे वयाची अवस्था कुटुंबाच्या ऐपतीवर सोडलेली असते. वेझाली सहाव्या वर्षी ज्या सभागृहात गेल्या, ते सभागृह आपल्या मुलीच्या वाटेवर अद्याप आलेले नसते.

जिल्हा क्रीडा केंद्रांना निवडक शाळांशी जोडणे, प्रशिक्षकाला किमान दहा वर्षांची शाश्वती देणे, निवृत्त खेळाडूंना आपल्याच गावी शिकवण्यास प्रोत्साहन देणे, संरक्षक साहित्याची सार्वजनिक पेढी उभारणे आणि खेळाडू स्त्रीला प्रसूतीनंतर नोकरी व सराव या दोन्हींत परत येण्याची हमी देणे, हे उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. त्यांना सातत्य मात्र हवे. वित्तीय वर्ष बदलले की बंद पडणाऱ्या उपक्रमातून फॉइलपटू घडत नाही.

येझीत एका माणसाने युद्धकैदेत शिकलेली विद्या गावाला दिली आणि गावाने ती जपली. चार दशके तेथे कोणतेही वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण आलेले नसताना सभागृहाचे दार रोज उघडत राहिले. वेझाली यांच्या नऊ पदकांचा हिशेब मांडताना ही वर्षेही धरली पाहिजेत. आपल्या शहरांतील वस्त्यांनी आणि शासनयंत्रणेने एवढा धीर दाखवला, तर फॉइलच्या पिस्टवर उभ्या राहणाऱ्या भारतीय मुलीला आपले गाव सोडावे लागणार नाही.